घोटभर पाणी

नव्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर काचवाला तावदान बसवत होता, तेवढ्यात शेजारच्या काचेवर काहीतरी धाडकन आदळलं. परांचीच्या फळीवर एक शिकारी पक्षी, शिक्रा, पडला होता. काचेत आभाळ दिसलं म्हणून तो सरळ त्यात घुसायला गेला होता.

काचवाल्याने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि खाली उतरला. बायको स्कूटरवरून डबा घेऊन आली होती.

"आधी दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली. मग खोक्यात डोकावली आणि डबा तसाच डिकीत टाकला. "बसा मागे."

जखमी पक्ष्यांचं केंद्र शहराबाहेर होतं. पुलाखाली गाड्या तुंबल्या. उन्हाचा नुसता भडका. शिक्र्याने चोच वासली होती.

"तहानलाय हो बिचारा."

"राहू दे. तिथे बघतील ते."

"तिथे पोचेपर्यंत जीव जाईल त्याचा!"

तिने बाटलीच्या झाकणातून त्याच्या चोचीत पाणी सोडलं. त्याने मान झटकली, ठसका लागल्यासारखा हलला, मग गप्प झाला.

"बघा, कसं बरं वाटलं त्याला."

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी पंख अलगद ताणून पाहिला. "हाडं शाबूत आहेत. नशीबवान आहे." मग छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाणी पाजलंत?"

बायकोने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मी पाजलं."

"फुप्फुसात गेलंय."

त्यांनी प्राणवायू लावला. चोचीच्या कडेला फेस आला. पायाच्या नख्या एकदा मिटल्या, उघडल्या, आणि तशाच राहिल्या.

"नुसत्या धडकेतून उठला असता हो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "थोड्या दिवसांत उडालाही असता."

बाहेरच्या बाकावर बायको मटकन बसली.

"खोटं का बोललात?"

"तुझ्या तोंडावर बोलल्या असत्या त्या. मला ते ऐकवलं नसतं."

"मग मी काय बहिरी होते?"

तो तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, तर ती सरकून बसली.

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारा लगबगीने आला. छातीशी बुटांचा खोका धरलेला, झाकणाला भोकं पाडलेली. बायको ताडकन उठली.

"बाबा, पाणी नाही ना पाजलंत त्याला?"

"पाजलं की, थोडंसं," म्हातारा म्हणाला. "माझ्या हातून प्यायला बघा!"

तिने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.