कौतिकनानांच्या काठीने पाहिलेलं धुळं

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची काठी आहे. पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरात मी वाढले. हबीबभाई सुतारांनी मला तासलं, टोकाला लोखंडी कडी बसवली आणि कौतिकनानांच्या हाती दिलं. वीस वर्षं आम्ही शेळ्या राखल्या. मग नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांना वाट दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

१९८८ च्या एप्रिलमध्ये त्यांची बायको तानुबाई त्यांना एसटीने धुळ्याला घेऊन निघाली. तिथल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली होती. आम्हा तिघांपैकी कुणीच शहर पाहिलेलं नव्हतं.

धुळ्याच्या आग्रा रोडवर आलो आणि मी थक्क झाले. माती म्हणून कुठे नाहीच! उन्हाने मऊ झालेल्या डांबरात माझं टोक रुतून बसलं. सायकली, टांगे, रिक्षा, हातगाड्या, सगळे एकमेकांवर ओरडत होते, तरी भांडण कुणाचंच नव्हतं. भर दुपारी दुकानांत दिवे लागले होते.

"आज बाजार शे का वं?" नानांनी विचारलं.

तानुबाईने एका माणसाला विचारलं आणि ती म्हणाली, "नही. आठे रोजच आसं ऱ्हास!"

दवाखान्याच्या फाटकाशी मात्र नाना अडले. "माले घर लई चाल. मना डोयाले कोनी हात लावाना नही."

तानुबाईने खूप विनवलं. शेवटी हताश होऊन ती नानांना घेऊन परत फिरली आणि गर्दीत वाट चुकली. एका कापडाच्या दुकानापुढे जरीची साडी नेसलेली बाई उभी होती. तानुबाईने तिला स्टँड कुठे म्हणून विचारलं. दोनदा विचारलं.

"भलती गर्वानी शे, बोलतच नही!"

दुकानदार लीलाधरशेठ हसतच बाहेर आले. "अक्का, ती बाहुली आहे. बोलायला लागली तर पगार मागेल!"

तानुबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली, की खाली बसली. तिचं असं हसणं नानांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. माझ्यावरची त्यांची मूठ घट्ट झाली.

"चाल मांगे," ते दवाखान्याच्या दिशेने वळत म्हणाले. "माले हाई बठ्ठं देखनं शे."

शस्त्रक्रिया झाली आणि आठव्या दिवशी पट्टी सुटली. जाड भिंगांचा चष्मा लावून नानांनी आधी तानुबाईकडे पाहिलं.

"तुना केस कव्हय पिकनात वं?"

तिने पदर कपाळावर ओढला आणि डोळे पुसले.

आता माझं काम संपलं, असं मला वाटलं. पण पुढच्याच महिन्यात नानांनी मोतीबिंदू झालेल्या शेजारच्या भिकनआबांच्या हाती मला दिलं आणि स्वतः पुढे चालत त्यांना धुळ्याला नेलं. नंतर सुंदरबाईंना. सात वर्षांत नऊ जण झाले. फाटकाशी प्रत्येकाचे पाय अडायचे. नाना शेजारी बसून राहायचे, तो माणूस उठेपर्यंत.

आता नाना थकले आहेत. मी दारामागे उभी असते आणि माझ्या टोकाला वाळवी लागली आहे. मित्रांनो, मला थोडं तेल लावा, उन्हात ठेवा. गल्लीत कुणीतरी भिंत चाचपत चालत असेल. मला त्याच्या हाती द्या, आणि तुम्हीही त्याच्यासोबत चला.