अंबाडीच्या विटांची भिंत

मोताळ्याजवळच्या एका गावात शालिग्राम आणि जानराव हे सख्खे भाऊ अंबाडीपायी वेगळे झाले. बोंडअळी लागत नाही असं बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा थोरल्या शालिग्रामने शेतात कपाशीशिवाय काडी ठेवायची नाही असं ठरवलं आणि धाकट्या जानरावने धुऱ्याच्या बांधालगत पेरलेली अंबाडी त्याने मुळासकट उपटून टाकली. जानराव भांडला. मग शेत वाटलं, घर वाटलं, आणि घराच्या मधोमध शालिग्रामने स्वतःच्या हाताने कच्च्या विटांची भिंत घातली.

विटा त्याने वावरातल्या काळ्या मातीच्या पाडल्या. ही माती ओली आहे तोवर गुणाची. वाळली की आक्रसते. भिंतीला भेगा पडल्या, त्याही आरपार. रोज संध्याकाळी बाजेवर बसून शालिग्राम जानरावचा उद्धार करायचा आणि तो सगळा पलीकडे पोचायचा. त्याचं त्याला दुःख नव्हतं. शिव्या ऐकवण्यासाठीच असतात. पण यंदा त्याच्याच बीटीच्या बोंडांत अळी निघाली. ही फजिती जानरावला कळू नये, एवढाच त्याला घोर लागला. त्यात त्याची बायको आशाबाई काही हळू बोलणारी नव्हती.

तेव्हा भिंत पाडून नवी घालणं आलं. अंबाडीचा वाख बारीक कापून चिखलात तुडवला की ते धागे माती धरून ठेवतात आणि वीट फाटत नाही. त्याचा बाप अशाच विटा पाडायचा. पण वाख आणायचा कुठून? गावभर नुसती कपाशी, आणि अंबाडी उभी होती ती एकट्या जानरावच्या वावरात. मरेन पण त्याच्यापुढे हात पसरणार नाही, असं शालिग्रामने बायकोला बजावलं. बजावलं ते भिंतीजवळ बसूनच.

पुढे एका सकाळी दारात वाखाचं पोतं येऊन पडलं होतं. जानरावने अंबाडी नाल्यात भिजवून, सोलून, धुऊन, वर बोटभर लांबीचे तुकडेसुद्धा करून दिले होते. शालिग्रामचं टाळकं फिरलं. पोतं जानरावच्या दारात नेऊन आपटायचं म्हणून त्याने ते उचललं, मूठभर वाख चोळून पाहिला, आणि आशाबाईला चिखलात पाणी टाकायला सांगितलं.

नव्या विटांना केसाएवढीही चीर गेली नाही. भिंत उभी राहिली त्या संध्याकाळी शालिग्रामने बाजेवर बसून मन लावून शिव्या दिल्या. पलीकडून खोकला नाही की भांड्याचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. शिव्यांना चव राहिली नाही, मग त्याने त्या सोडूनच दिल्या. भाकरी गोड लागेना. भावाची आठवण येते, हे त्याला स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटत होती.

आणि एक दिवस रस्त्याने वळसा घालून जानराव दारात येऊन उभा राहिला. वाटणीनंतर पहिल्यांदाच.

"भाऊ, तुह्या शिव्या आयकू येऊन नाही राह्यल्या," तो म्हणाला. "बरा हायेस ना?"

शालिग्रामचे डोळे भरून आले. तो बाजेवर जरा सरकला.

"बोंडात अळी निघाली रे," तो म्हणाला.

"मालूम हाय." जानराव त्याच्या शेजारी टेकला. "तुले लपवाचं होतं, म्हनून तं वाख देल्ला."