सगळ्यात बुटकी सगळ्यात मागे

मॉर्वेना पास्कोच्या जांघेजवळच्या हाडाला तडा गेला होता. स्कॅनवर बारीक दिसत होता, पण स्पष्ट. सैन्यभरतीच्या प्रशिक्षण छावणीत त्या वर्षातली ती तिसरी. तिघीही बुटक्या, तिघीही तुकडीच्या शेपटाला चालणाऱ्या. आधीच्या दोघींना ‘शरीराने अपात्र’ ठरवून घरी पाठवलं होतं. उद्या कमांडंटसमोर हिचीही तीच गत होणार होती.

“मॅडम, मला परत पाठवू नका हो,” ती म्हणाली. “आमच्या बंदरावर पैजा लागल्यात, ही कधी पळून येते म्हणून. माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा लावलीय!”

भरतीच्या वेळी धावण्यात तिने अर्ध्या मुलांना मागे टाकलं होतं. हाडं तेव्हा मीच तपासली होती. उत्तम होती.

मी कवायत घेणाऱ्या सार्जंट हॅडोला गाठलं. तो चहा पीत होता.

“ही पाखडणी आहे, डॉक्टर. फोलपटं उडणारच.”

“दाणे उडतायत, सार्जंट. बुटक्या मुली मागे का?”

“उंच पोरं पुढे असली की तुकडी रुबाबदार दिसते.”

“आणि पाऊल पुढच्यांच्या मापाने टाकायचं?”

“मग काय, प्रत्येकाच्या पावलासाठी वेगळा बँड वाजवू?”

मी कवायतीच्या मैदानावर खडूने रेघा मारल्या. मॉर्वेनाला तिच्या पायांच्या मानाने पाऊल जेवढं ताणावं लागत होतं, तेवढंच हॅडोला त्याच्या लांब पायांच्या मानाने ताणावं लागेल, एवढ्या अंतरावर.

“ठिकरी खेळायचीय का?” तो हसला.

“पाठीवर सामान घ्या आणि रेघेवर पाऊल टाकत चाला.”

तो निघाला. अर्ध्या मैदानातच थांबला आणि कंबर धरून खाली बसला. विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी कमांडंट म्हणाले, “अर्ज ढिगाने येतात, आम्ही मूठभर घेतो. एवढी कडक निवड आहे इथे. एका मुलीसाठी निकष खाली आणायचे?”

माझा आवाज एरवी चढत नाही. तेव्हा चढला. “निकषांना हात लावू नका! धावणं, ओझं, नेमबाजी, सगळं तेच ठेवा. त्यात ती उतरलीय. तुम्ही तिला शोभेपायी मोडलंत, आणि वर त्याला निवड म्हणता?”

मग हॅडो खाकरला. “साहेब, मी चालून बघितलं. अर्ध्यात बसलो. बुटक्यांना पुढे घेऊ द्या.”

“आणि रुबाब?”

“लंगडणाऱ्या तुकडीला कसला आलाय रुबाब, साहेब?”

मॉर्वेनाला हाड जुळेपर्यंत ठेवून घेतलं आणि पुढच्या तुकडीत घातलं. आधीच्या दोघींना परत बोलवा, असं मी म्हणाले. “ती प्रकरणं मिटलीत,” कमांडंट म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

वसंतात नवी तुकडी मैदानात उतरली तेव्हा मॉर्वेना सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या पावलाच्या मापाने सगळे चालत होते. मागून एक ताडमाड पोरगा कुरकुरला, “सार्जंट, एवढ्याएवढ्या पावलांनी माझ्या पोटऱ्या भरून येतात!”

“उचल पाय, गप!” हॅडो ओरडला.

कमांडंट माझ्या शेजारी उभे होते. “बिचाऱ्याचं काहीतरी करायला हवं, डॉक्टर,” ते म्हणाले.

“शरीराने अपात्र ठरवू का त्याला?” मी विचारलं.