कालिंदीच्या तळव्यावरची शाई

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह. ‘आहे’ म्हणावं की ‘होतो’, तेही मला आता धड सांगता येत नाही. पेटवलं तर अजून पेटेन असं वाटतं, पण घरात गॅस आल्यापासून कुणी पेटवून पाहिलेलं नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, अण्णा मास्तरांच्या घरी, माळ्यावर एका पोत्यात माझा मुक्काम आहे. इथे काम काही नाही. म्हणून मी एकाच दुपारचा विचार करत बसतो, आणि दर वेळी माझा गोंधळ उडतो.

मी कारखान्यात घडलो. पत्रा ठोकून माझं पोट झालं, तीन पाय जोडले गेले, डोक्यावर बर्नर बसला. अण्णांची नोकरी कायम झाली त्या महिन्यात, म्हणजे त्रेसष्ट साली, ते मला घरी घेऊन आले. पहाटेचा चहा, अंघोळीचं पाणी, दिवाळीतली चकली, सगळं माझ्याच डोक्यावर. शनिवारी माई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मला चिंच आणि राख लावून घासायच्या. शेजारणी म्हणायच्या, “तुमचा स्टोव्ह लई गुणाचा हाय बघा माई, कवा भडकत न्हाई.” हे ऐकून मी जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

अण्णा शाळेत बालवीरांचं पथकही चालवायचे. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात त्यांनी पथकाचा तंबू मागून आणला आणि जाहीर केलं की आपण दोन दिवस राधानगरीकडे, धरणाच्या पाण्याकाठी राहायचं. माई म्हणाल्या, “घरात न्हाणी हाय, पंखा हाय, आणि आम्ही झाडाखाली ऱ्हायाचं व्हय?” पण त्यांची सात वर्षांची लेक कालिंदी आनंदानं उड्या मारू लागली, तेव्हा माईंचं काही चाललं नाही. एसटीत मी माईंच्या मांडीवर होतो. अण्णांच्या पिशवीत तपासायचे पेपर आणि शाईची दौत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या स्वयंपाकाला मला उघड्यावर ठेवलं. पाण्यावरून वारा येत होता. मित्रांनो, स्टोव्ह पेटवायची एक रीत असते. आधी बर्नर चांगला तापू द्यायचा, मग पंप मारायचा. घरी अण्णा हे कधी चुकले नव्हते. पण तिथे वारा बर्नरला तापूच देईना आणि अण्णांना भूक लागलेली. त्यांनी घाईनं पंप मारला. कच्चं रॉकेल वर आलं आणि माझा हातभर उंच, पिवळा भडका उडाला. त्याच क्षणी माझ्या अगदी मागे कालिंदी किंचाळली.

ती उजवा हात पुढे धरून उभी होती. तळवा लालभडक.

“अगं बाई, भाजली की हो पोर!” माई ओरडल्या.

मी हादरलो. मी भाजलं? तिचा हात मला लागल्याचं मला कळलं नव्हतं. पण भडका माझाच होता, किंकाळी तिचीच होती, आणि तळवा लाल होता. मग आणखी कोण असणार? अकरा वर्षांत मी कुणाला साधा चटका दिला नव्हता, आणि दिला तो या लेकराला. मला फार वाईट वाटलं. अण्णांनी माझी किल्ली सोडली, हवा सुस्कारा टाकत बाहेर गेली आणि मी विझलो.

अण्णा धावत दौत घेऊन आले. “शाई लावली की फोड येत न्हाई!” त्यांनी तळव्यावर शाई ओतली. तळवा निळा झाला.

“शाई काय लावताय, हळद लावा की!” माईंनी वर तेलात कालवलेली हळद थापली.

आरडाओरडा ऐकून धरणावरचे वॉचमन आकाराम आले. “सरा बाजूला, पावणं. भाजल्यावर ह्यो पाला लई गुणाचा हाय.” त्यांनी कसलासा पाला हातावर चोळून त्याचा रस पिळला. आता तो हात कोणत्या रंगाचा होता, ते मलाच काय, कुणालाच सांगता आलं नसतं. तिघं तिन्ही बाजूंनी फुंकर घालत होते. कालिंदी हुंदके देत काहीतरी म्हणू लागली की माई म्हणायच्या, “बोलू नगंस बाळ, लागंल.” आणि पुन्हा फुंकायच्या.

हाताचं दुखणं उतरायचं नाव घेईना. उलट अंगठ्याच्या मुळाशी सूज चढू लागली. “शाई आत गेली का काय?” अण्णा घाबरून म्हणाले. “हळदीनं चढलं आसंल,” आकाराम म्हणाले. माई माझ्याकडे वळल्या. “त्यो मेला स्टोव्ह आधी पाण्यात फेका!” मला वाटलं, फेकावं. माझी तीच लायकी.

आणि तेवढ्यात कालिंदीनं हळूच विचारलं, “माई, मला भाजलंय व्हय?”

ते मी ऐकलं. बाकी कुणी ऐकलं नाही. मी तर पुरता चक्रावलो. भाजलं की नाही हे तिलाच ठाऊक नाही, मग मी काय समजायचं?

आकाराम धरणाच्या वसाहतीतल्या दवाखान्यातून नर्सबाईंना घेऊन आले. मीनाबाई त्यांचं नाव. त्यांनी तो हात पाहिला आणि क्षणभर त्याही गोंधळल्या. “ह्ये काय रंगपंचमी ख्येळलाय व्हय?” मग त्या कालिंदीसमोर मातीत बसल्या आणि म्हणाल्या, “बाळ, काय झालं गं?”

कालिंदी आधी माईंकडे बघत राहिली. मीनाबाई थांबल्या. पुन्हा विचारलं नाही, घाई केली नाही.

“काटा,” कालिंदी म्हणाली.

मीनाबाईंनी हात धुतला. शाई काही जाईना, पण निळ्या कातडीवर फोड नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी मात्र करवंदीचा काटा खोल मोडला होता. माईंनी जाळीत हात घालू नको म्हणून बजावलं होतं. तरी तिनं मुठीत करवंदं तोडली, काटा घुसला, मूठ आवळली गेली, आणि करवंदांच्या रसानं तळवा लाल झाला. माझा भडका नेमका तेव्हाच उडाला होता.

सुईनं काटा निघाला. केवढा होता! पोरीनं दात आवळले, पण रडली नाही.

“आगं, मग मघाशीच सांगायचं न्हाईस?” अण्णा म्हणाले.

“कुणी इच्चारलंच न्हाई की,” कालिंदी म्हणाली. “तुमी समदी नुसती फुकत हुता.”

वर्गात अण्णा दिवसभर पोरांना प्रश्न विचारायचे. त्यांनी लेकीचा निळा हात आपल्या हातात घेतला. माईंनी डोळ्यांना पदर लावला.

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तरीही पुरतं सुटल्यासारखं वाटलं नाही. पंधरा दिवस शाई गेली नाही. पेठेत जो तो विचारायचा, “काय झालं?” आणि उत्तर यायच्या आधीच म्हणायचा, “भाजलं न्हवं? स्टोव्ह लई वाईट.” कालिंदी मान हलवून मोकळी व्हायची. पुढे माझं घासणं कमी झालं, मग गॅस आला आणि मी माळ्यावर चढलो. यात त्या दुपारचा किती वाटा आणि गॅसचा किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

पण एक गोष्ट मला पक्की कळली, मित्रांनो, आणि तेवढीच तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा. लेकरू रडलं की दौत, हळद, पाला सगळं मिळेल हो. फक्त ते शोधायच्या आधी त्याच्यासमोर खाली बसा, काय झालं ते विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत फुंकर थांबवा.