हौसाचे दोरे

हौसा गेली त्याला दोन महिने होत आले, तेव्हा आनंदरावांनी तिचं दुकान पुन्हा उघडलं. भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेला माणूस. साड्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण घरात बसवत नव्हतं, आणि दुकानाचं कुलूपही बघवत नव्हतं.

लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, बाईला आहेरात साडी मिळतेच. ती ट्रंकेत पडून राहते. अशा कोऱ्या, नाहीतर एक-दोनदा नेसलेल्या साड्या बायका हौसाकडे आणून ठेवायच्या. विकली गेली तर पैसे बाईचे, त्यातला थोडा वाटा हौसाचा. नाही गेली तर साडी परत. पाटी नाही, जाहिरात नाही, तरी नऊ वर्षं दुकान जोरात चाललं. हौसा अधूनमधून गाठोडं घेऊन एसटीनं वेल्ह्याला नाहीतर किकवीला जायची.

"दुकान हितं आन तू गावोगाव कशाला फिरतीस?" आनंदराव विचारायचे.

"तुमी तुमचं पाने-स्क्रू बघा," ती म्हणायची.

दुकान काढलं त्या पहिल्याच दिवशी फळीवर अठरा साड्या होत्या. आनंदरावांनी विचारलं होतं, "एवढ्या कुणाच्या गं?" हौसा म्हणाली होती, "बायकांच्या." विषय तिथंच संपला होता.

आता पुण्याहून लेकीनं, सोनियानं, फोनवर शिकवलं. "दादा, फोटो काढा, स्टेटसला ठेवा. गावाच्या ग्रुपवर टाका. आईसारखं गाठोडं घेऊन तुम्हाला फिरायला जमणार आहे का?" त्यांनी एक फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "दादा, पदराला दोरे लोंबतायत. जुनं वाटतं ते. काढून टाका."

खरंच, प्रत्येक साडीच्या पदराच्या टोकाला एक दोरा टाचलेला होता. लाल, पिवळा, नाहीतर हिरवा. किमतीची खूण असेल, असं त्यांना वाटलं. दोन दिवस बसून त्यांनी कात्रीनं सगळे दोरे कापले, केरात टाकले. मग त्रेसष्ट साड्यांचे फोटो काढले आणि सोमवारी सकाळी भोर, वेल्हे, किकवी, जेवढे ग्रुप होते तेवढ्यांवर टाकले. खाली लिहिलं, 'आहेराच्या साड्या. स्वस्त मिळतील.'

चहा प्यायच्या आत फोन वाजायला लागला. आनंदरावांनी हौसाच्या फोटोकडे बघितलं. बघ, चाललं तुझं दुकान, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

"ती लिंबाच्या रंगाची कुणी ठिवली?" पलीकडून बाई विचारत होती.

"घ्यायची का?"

"घ्यायची? अवो, म्याच दिलीय ती, माझ्या जावंच्या पोरीच्या लग्नात! नाव सांगा फकस्त."

दुसरा फोन तसाच. तिसरी बाई नुसती रडली. "काका, माझ्या सासूनं बघितला फोटो," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. आनंदराव स्टुलावर बसले. आपण नक्की काय केलं, हे त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं. काहीतरी वाईट केलं, एवढं कळलं होतं.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. किकवीचा मानसिंग, पन्नाशीचा, आडदांड. त्यानं मोबाईल आनंदरावांच्या तोंडासमोर धरला. फोटोत जांभळी साडी होती.

"ही कुणाची?"

"का?"

"का म्हंजे? म्या भाऊबीजंला घेतलीय ही, सगुणाआक्काला. पासलीला लगीन करून दिलीय तिला. हा मोर बघा, उलटा इणलाय. त्याच्यापायी दुकानदारानं दीडशे कमी केले. माझ्या बहिनीनं माझी ओवाळणी बाजारात मांडली का, एवढंच सांगा. मांडली आसंल तर तिच्या दारात पुन्यांदा पाय ठिवणार न्हाई."

सगुणाबाई आनंदरावांना माहीत होत्या. हौसाच्या जुन्या गिऱ्हाईक. माहेरात आईबाप नाहीत, हा एकच भाऊ. मग ते जे बोलले त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

"ती माझ्या बायकोची हाय."

"आन मोर?"

"माग एकच आसला की चूक समद्या साड्यांत उतरती. त्या दुकानात तसल्या दोन होत्या. एक तू नेलीस, एक म्या."

मानसिंगनं साडी बघितली, मग भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघितला. त्याचा राग उतरला, पण चेहरा आणखीच वाईट झाला.

"काकूला जाऊन दोन महिनेबी झाले न्हाईत. आन तुमी तिची साडी इकाया काढली?"

"व्हय."

"काय माणूस हायसा वो तुमी!"

आनंदरावांनी साडीची घडी घातली.

"पासलीला फोन लागत न्हाई," जाता जाता मानसिंग म्हणाला. "उद्या जातोयच मी. तिला ती साडी नेसायलाच लावतो. मंग कळंल."

तो गेला तसं आनंदरावांनी सगळे फोटो काढून टाकले, जांभळी साडी पिशवीत घातली, दुकान बंद केलं आणि स्कूटरला किक मारली. कापूरहोळ, नसरापूर, वेल्हे. वाटेत ते कुठंही चहाला थांबले नाहीत. पासलीला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

सगुणाबाई अंगणात गोवऱ्या रचत होत्या. पदर खोचून पाठमोऱ्या होत्या.

"आगंबया, दाजी! तुमी हितं?" त्या वळल्या. हौसाला त्या बहीण मानायच्या, म्हणून हे दाजी.

आनंदरावांनी पिशवी पुढं केली आणि सगळं सांगितलं. फोटो, मानसिंग, उद्याचं येणं. सगुणाबाईंनी आधी पदराचं टोक चाचपलं.

"हिरवा दोरा कुठं गेला?"

"कापला."

"का?"

"समद्यांचेच कापले."

सगुणाबाई मटकन खाली बसल्या. "अवो दाजी! हिरवा म्हंजी किकवीकडं दावायची न्हाई. पिवळा म्हंजी वेल्ह्याकडं न्हाई. लाल म्हंजी भोरात न्हाई. ज्यानं आहेर केला त्येच्या, आन जिची साडी तिच्या घरच्यांच्या नजरंला पडूच नये म्हणून हौसाआक्का गाठुडं घिऊन हिंडायची. तुमाला ठावं न्हवतं?"

दुकानाची नऊ वर्षं एका घरात राहूनही त्यांना ठाऊक नव्हतं. ते ओट्यावर टेकले.

"भाऊ दर साल साडी देतो," सगुणाबाई म्हणाल्या. "ह्या गुडघ्यांनी कुठं नेसून मिरवू? औषधाला पैसं लागत्यात. पर भावाला पैसं कसं मागायचं? साडीच बरी म्हणलं." मग त्या उठल्या. "उद्या नेसून बसते दारात. येऊ द्या त्याला. च्या टाकते, बसा."

त्या आत जायला वळल्या आणि खोचलेला पदर सुटून पाठीवर आला. आनंदरावांची नजर तिथंच अडकली. मोरपंखी रंग. पदराच्या कडेला एक कैरी भरलेली, बाकी पदराशी न जुळणारी. तिच्या खाली काय आहे ते त्यांना माहीत होतं. सोनियाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घाईत त्यांनीच इस्त्री टेकवली होती. हौसा एक शब्द बोलली नव्हती, डाग झाकायला तिनं रात्रीतून कैरी भरली होती. पगाराच्या फरकातून घेतलेली साडी. 'ठेवलीय ट्रंकेत, नातीच्या लग्नाला नेसायची,' असं हौसा शेवटपर्यंत सांगायची.

"ही कुठनं घेतली?" त्यांनी विचारलं.

"ही? आक्काकडनंच. दुकान नवं होतं तवा. लाल दोरा होता हिला." सगुणाबाई हसल्या. "कुणाची म्हणून लई खोदून इचारलं. आक्का म्हणली, बाईच्या नवऱ्याला कळता कामा नये, एवढंच ध्यानात ठिव. का वो? वळकीची हाय का?"

फळीवरच्या अठरा साड्या आनंदरावांच्या डोळ्यांपुढं आल्या. रिकाम्या दुकानात कोण आपली साडी आणून ठेवणार होतं?

"न्हाई," ते म्हणाले. "चांगली दिसती, म्हणून इचारलं."

त्यांनी चहा संपवला.

घरी आल्यावर त्यांनी पलंगाखालची हौसाची ट्रंक ओढली. जड असेल म्हणून दोन्ही हात लावून ओढली, तर ती एका हिसक्यातच गुडघ्यावर येऊन आदळली. कडी न काढताच त्यांनी ती परत आत सारली.

बुधवारी मानसिंग दुकानात आला. दारातच घुटमळला. हातात तांदळाची पिशवी होती.

"आक्कानं दिल्यात, पासलीचं. नेसली होती वो ती साडी. काका, म्या लई बोललो तुमाला."

"आसू दे."

"ती तुमची दुसरी जांभळी साडी? इकली का?"

"न्हाई. ट्रंकंत ठिवली."

"लई ब्येस केलं. माणसाच्या वस्तू आशा इकू न्हाईत."

"न्हाई इकणार," आनंदराव म्हणाले.

मानसिंग गेला. आनंदराव पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले. उद्या सगुणाबाई येणार होत्या, कुठली साडी कुठली ते आठवेल तेवढं सांगायला. तोपर्यंत भोरात एकही दाखवायची नाही, म्हणून त्रेसष्टांतल्या उरलेल्या सगळ्यांना त्यांनी लालच दोरा टाचायला घेतला होता.