ओतोमिणीच्या चुलीखाली

डोंगरापलीकडच्या ओतोमी लोकांना अक्कल नसते, हे आतेनको वाडीत दुधपित्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाच्या हातून मडकं फुटलं, की "ओतोमी आहेस का?" कुणी उलटा शब्द बोललं, की "अगदी ओतोमी मेला!" आणि हे सगळं म्हणायचं कुठे, तर ओतोमिणीच्या अंगणात बसून, तिच्याच पाट्यावर वाटलेल्या मक्याची गरम भाकरी हातात धरून. लाज म्हणून काही असते की नाही?

म्हातारीला त्याचं काही नव्हतं. गुडघे चोळत ती म्हणायची, "अक्कल नाही म्हणून तर तुमच्यात राहिले. असती तर पहिल्याच दिवशी पळाले नसते का?" पाद्रीबाबांनी तिचं नाव मार्ता ठेवलं होतं, पण ते देवळात. वाडीत ती ओतोमीणच.

सेन्तेवाही सगळ्यांबरोबर हसायची. पण मग भाकरी तशीच हातात राहायची. चार भिंतींत ती म्हातारीला आई म्हणायची आणि चारचौघांत ओतोमीण. चौतिशीची बाई, तीन लेकरांची आई, पण लोक काय म्हणतील हे तिच्याही मानेवर बसलेलं होतंच.

खरं तर ही बाई नसती तर आतेनको वाडीच नसती. समुद्रापलीकडून दाढीवाले परके पहिल्यांदा आले त्या साली मोठ्या फोडांची साथ आली. असा रोग कुणाच्या आज्यापणज्यानेही पाहिला नव्हता. अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. जो तो चटईवर पडलेला, कूस बदलली तरी किंचाळायचा. कितीक माणसं फोडांनी गेली, आणि कितीक, सांगताना जीभ जड होते, नुसती भुकेने गेली. कणगीत मका होता. तो वाटायला उभं राहील असं माणूस नव्हतं.

त्यात ही बाई डोंगरातून आली. नवरा आणि तान्ही मुलगी तिने वाटेतच मातीआड केली होती. तिला स्वतःला फोड येऊन गेले होते, तोंडावर खपल्या होत्या. पाणी मागायला म्हणून ती पहिल्या घरात शिरली आणि आतला प्रकार पाहून तिथेच पाट्यासमोर गुडघे टेकून बसली. मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, वाटायचा, पातळ पेज करायची आणि घरोघर जाऊन तोंडात घालायची. तेवीस दिवस हेच. त्याच दिवसांत वाडीत पाच बाळं जन्मली आणि पाचांच्याही आया वाचल्या नाहीत. या बाईची छाती तर दुधाने ठणकतच होती. तिने पाचांनाही लावून घेतलं. सेन्तेवा त्यातली पहिली.

आता इतक्या वर्षांनी हुकूम आला होता. डोंगरातल्या सगळ्या वाड्या मोडायच्या आणि लोकांनी खाली सान मिगेलला, नव्या सरळ रस्त्यांच्या गावात राहायला जायचं. आणि ज्याची भाषा ज्या जातीची, त्याने त्या गावात. म्हणजे आतेनकोचे लोक सान मिगेलला आणि ओतोमी लोक डोंगरापलीकडे, घायपातांच्या उजाड माळावर. दोन दिवसांची वाट. साठीची म्हातारी, गुडघे गेलेले, आणि तिकडे ओळखीचं एक कुत्रंही नाही.

"जाईन की," म्हातारी म्हणाली होती. "तिकडेही लोक भाकरीच खातात."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सेन्तेवा तिच्याकडे गेली, तर म्हातारी चुलीचे तिन्ही दगड बाजूला सारून खाली खणत होती. काठीने उकरायची, हाताने माती काढायची, धापा टाकायची.

"अगं आई! हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस. दार लाव."

सेन्तेवाने दार लोटलं. म्हातारीने खड्ड्यातून मुठीएवढं मडकं काढलं. त्यात मक्याच्या सालपटांत गुंडाळलेल्या पाच पुरचुंड्या होत्या. वाळून काटक्यांसारख्या झालेल्या.

"नाळा आहेत," म्हातारी खाली बघत म्हणाली. "तुझी, आणि त्या चौघांच्या."

"त्या चौघांच्या? मुलांच्या?" सेन्तेवाचा हात तोंडावर गेला. "मुलांच्या नाळा तू चुलीखाली पुरल्यास?"

मुलीची नाळ चुलीपाशी पुरायची, म्हणजे तिचा जीव घरात रमतो. मुलाची नाळ लढवय्याच्या हाती द्यायची. तो ती रणात पुरतो, म्हणजे पोराला लढाईची ओढ लागते. हे आतेनकोत कुणाला शिकवावं लागत नसे.

"मला कोण सांगणार होतं गं?" म्हातारी रडवेली झाली. "तू जन्मलीस तेव्हा सुईण जिवंत होती. फोडांनी डोळे मिटलेले, भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, नाळ चुलीपाशी पूर. मी पुरली. दुसऱ्या दिवशी ती गेली. मग याओत्ल झाला. मग ते तिघं. मी आपली सगळ्यांचीच चुलीपाशी! पुढे दोन वर्षांनी कळलं, की मुलांचं वेगळं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर काय म्हणाले असते सगळे?"

"ओतोमीच ती," सेन्तेवाच्या तोंडून आपसूक गेलं.

"बघ! म्हणून गप्प बसले. पण त्या याओत्लला बघितलं की माझं काळीज खातं. नावाचा अर्थ लढवय्या आणि ओढा ओलांडला की त्याच्या पोटात दुखतं. बायको रोज टाकून बोलते. सगळं माझ्यामुळे. आता मी निघाले. तुमच्या नाळा ओसाड पडणाऱ्या मातीत सोडून कशी जाऊ? ज्याची त्याला दे आणि माझ्या नावाने चार शिव्या घालायला सांग."

सेन्तेवाला आधी हसू फुटलं. याओत्लचा तो डोंगराएवढा देह आणि घरी यायची घाई आठवून ती पोट धरून हसली. आणि हसता हसता थांबली. दाढीवाल्यांचे कप्तान उत्तरेच्या लढायांसाठी तीनदा माणसं घेऊन गेले होते. शेजारच्या वाडीतून अकरा गडी गेले, एकही परत आला नाही. याओत्ल आणि त्याच्यासोबत म्हातारीच्या दुधावर वाढलेले दोघे मात्र तिन्ही वेळा चार दिवसांत पळून घरी आले. गावाने तोंडात शेण घातलं त्यांच्या, पण लढाईवर नेलेल्यांपैकी पोराबाळांसह आज जिवंत होते ते तिघंच. चौथा लहानपणीच तापाने गेला होता.

"आई," सेन्तेवा म्हणाली. "तुझ्या चुकीने तीन घरं वाचली गं. शिव्या कसल्या घालायच्या?" तिने मडकं पदराखाली घेतलं. "हे आज माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या मोठ्या झाडाखाली सगळे गोळा झाले. दाढीवाला साहेब खेचरावरून उतरून सावलीत बसला आणि डोक्याला रुमाल लावून घाम पुसू लागला. बोलायचं काम होतं कारभारी मातेओचं. हा आपल्यातलाच, खालच्या गावचा, पण टोपी घालायला लागल्यापासून मान वळवणं जड जात होतं त्याला.

"ऐका! एक चूल, एक घर. एका चुलीची माणसं फोडायची नाहीत, असा साहेबांचा हुकूम आहे. चूल पुकारीन तसं पुढे या. आधी त्या ओतोमिणीला त्या बाजूला उभी करा. तिची वाट वेगळी."

म्हातारी गाठोडं घेऊन निमूट त्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुखिया शिलोत्लने घसा खाकरला आणि पुन्हा जमिनीकडे बघू लागला. तिची थट्टा करण्यात हाच सगळ्यांत पुढे असायचा.

सेन्तेवाने पदराखालचं मडकं घट्ट धरलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. रात्रीच त्यांचं बोलणं झालं होतं. "जा तू," तो हळूच म्हणाला. "आम्ही आहोत मागे."

ती पुढे गेली. "कारभारी, मी कुठल्या चुलीची?"

"तुझ्या नवऱ्याच्या. हा काय प्रश्न?"

"नाही. तुम्ही आपल्यातलेच आहात, तुम्हाला ठाऊक आहे. बाईची नाळ जिथे पुरली ती तिची चूल." तिने पदराखालून मडकं काढलं. "ही माझी नाळ. माझ्या आईच्या चुलीखाली निघाली. ती बघा, तिथे उभी आहे माझी आई." 'आई' हा शब्द चारचौघांत पहिल्यांदाच आला होता. तो इतक्या जोरात आला की खेचरानेही कान टवकारले. "ती माळावर जाणार असेल तर मी माळावर. नवरा, पोरं, कोंबड्या, सगळं तिकडे लिहा."

"हे काय खूळ?" मातेओने टोपी सारखी केली.

"खूळ नाही. आणि या मडक्यात आणखी चार नाळा आहेत. याओत्ल, एक तुझी आहे रे!"

 याओत्लची बायकोच आधी ओरडली, "चुलीखाली? याची नाळ चुलीखाली? आत्ता कळलं गं बाई! सतरा वर्षं मी डोकं फोडून घेतेय, की हा रानात गेला की माझ्या आधी घरी कसा येतो!"

सगळी वाडी खदाखदा हसली. याओत्ल कानापर्यंत लाल झाला. एवढा आडवातिडवा गडी, पण त्या क्षणी त्याला जमिनीत शिरावंसं वाटलं असेल. म्हातारीने तर तोंडच झाकून घेतलं. याओत्लने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग त्याने आपलं गाठोडं उचललं आणि पाय आपटत तो म्हातारीशेजारी जाऊन उभा राहिला.

"मला उगाच वाटायचं मी भित्रा आहे," तो म्हणाला. "मी आपला घरच्या ओढीने यायचो. या बाईने मला पाजलंय. मी हिच्या चुलीचा."

त्याची बायको त्याच्या मागे गेली. जाताना म्हणाली, "भाकरी तरी बरी मिळेल." मग त्याच्याबरोबर पळून आलेले ते दोघे दूधभाऊ गेले, आपापल्या बायकापोरांना घेऊन. आणि मग काठी टेकत टेकत मुखिया शिलोत्ल निघाला.

"तुमची नाळ कुठे आहे तिथे, आजोबा?" मातेओ वैतागला.

"नाही," शिलोत्ल म्हणाला. "पण मी चटईवर पडलो होतो, कारभारी. पलीकडे बायको मरून पडलेली. हिने माझं डोकं मांडीवर घेऊन पेज पाजली. आणि मी चौतीस वर्षं हिला अक्कल नाही म्हणत आलो. मी जेवलोय हिच्या चुलीवर. तेवढं पुरे नाही का?"

आता मात्र कुणी थांबेना. म्हातारे, म्हाताऱ्या, मध्यमवयीन, ज्याच्या त्याच्या तोंडावर त्या साथीचे खड्डे. जो तो गाठोडी उचलून त्या बाजूला. झाडाखाली उरले फक्त साहेब, मातेओ, खेचर आणि एक टर्की.

साहेबाने विचारलं, काय चाललंय. मातेओने त्याच्या भाषेत सांगितलं आणि बराच वेळ सांगितलं. साहेब म्हातारीकडे बघत राहिला. त्याला सान मिगेल भरायचं होतं. माळावरच्या गावाशी त्याला काय घेणं? त्याने हात उडवला आणि रुमालाने मान पुसू लागला.

मातेओने कागदावर काहीतरी खरडलं. "तुझी चूल आतेनकोची," तो म्हातारीला म्हणाला. आणि सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, टोपी काढून, त्याने विचारलं, "आजी, त्या साली तू रानझाडांच्या ओढ्यापर्यंत आली होतीस का गं? माझ्या आईला तिथे कुणीतरी पेज पाजली होती."

"असेल बाबा," म्हातारी म्हणाली. "नावं कुठे विचारली मी."

खाली उतरताना म्हातारीला चालवेना. याओत्लने पाठीवर पाटी घेतली, तिचा पट्टा कपाळाला लावला आणि म्हातारीला तिच्यात बसवलं. ओढा आला तेव्हा सगळे मुद्दाम थांबून त्याच्याकडे बघू लागले.

"दुखतंय का रे पोटात?" बायकोने विचारलं.

याओत्ल पाण्यात मधोमध उभा राहून विचार करू लागला. "नाही गं," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं. "घर पाठीवरच आहे की."

"मला खाली ठेव मेल्या, वजनाने वाकशील," म्हातारी म्हणाली.

"गप बस, आई. तू मला कधी खाली ठेवलंस?"

सान मिगेलला पोचल्यावर सेन्तेवाने छपराच्या आधी चूल मांडली. खड्डा खणून मडकं ठेवलं, पाचही पुरचुंड्यांसह, वर माती आणि माती दाबून तीन दगड. मग म्हातारी सवयीने पाट्याकडे सरकली, तर सेन्तेवाने तिला खांद्याला धरून मागे बसवलं. मका भांड्यात टाकण्याआधी तिने त्यावर हळूच फुंकर घातली, त्याला विस्तवाची भीती वाटू नये म्हणून. हे तिला म्हातारीनेच शिकवलं होतं, आणि म्हातारी ते आतेनकोच्या बायकांना बघून शिकली होती. मग तिने वाटलं, थापलं, भाजलं आणि पहिली भाकरी दोन्ही हातांवर धरून म्हातारीपुढे केली.

म्हातारी भाकरीकडे नुसती बघतच राहिली. त्या साथीच्या सालापासून दुसऱ्या कुणी वाटलेल्या मक्याची पहिली भाकरी तिच्या हातात आलेली नव्हती.

"जाड झालीय," ती म्हणाली. "आणि वाटलंस भरड. अगदी ओतोमी आहेस."

"आहेच," सेन्तेवा म्हणाली.

म्हातारीने डोळे पुसले नाहीत. ते वाहत होते तसेच वाहू देत तिने भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.