संदर्भ क्रमांक चौदा

जर्नलने पेपर तिसऱ्यांदा परत पाठवला, तोही प्रयोगातल्या चुकीसाठी नव्हे, संदर्भयादीसाठी. आद्याक्षरांपुढे टिंब नको, जर्नलचं नाव तिरप्या अक्षरांत हवं, खंडाचा आकडा ठळक हवा. शिवाय या वेळी नवं फर्मान निघालं होतं: त्रेसष्टच्या त्रेसष्ट संदर्भांच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोडा.

"दोन तासांचं काम आहे," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले.

सरांचे दोन तास म्हणजे दुसऱ्याचे दोन दिवस, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. तिने दात-ओठ खात खुर्ची पुढे ओढली. तिला तिथे 'स्वल्पविराम' म्हणत, कारण गेली चार वर्षं कोणाचाही पेपर अडला की त्याची यादी हिच्याच गळ्यात यायची. त्या नावाचा तिला राग होता. खरं तर हल्ली तिला कशाचाही राग यायचा, प्रिंटरचासुद्धा. महिनाअखेरीला तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत होती. त्याआधी हा पेपर स्वीकारला गेला तरच थीसिस देता येणार होता. नाहीतर चार वर्षांवर पाणी.

तेराव्या संदर्भापर्यंत गाडी बरी चालली. चौदाव्यावर अडली.

चौदावा संदर्भ म्हणजे सगळ्या पेपरचा पाया. सरांनी एका जुन्याच रसायनापासून किडीवर फवारायचं एक औषध तयार केलं होतं आणि ते माणसाला निर्धोक आहे, असं सांगणारं वाक्य प्रस्तावनेत एकच होतं: 'या मात्रेत उंदरांच्या यकृतावर परिणाम आढळला नाही (१४).' संदर्भ जुना होता, खंड सव्वीस, पान २१४. इंटरनेटवर तो कुठेच सापडेना, म्हणून ती तळघरातल्या ग्रंथालयात गेली.

ग्रंथपालबाईंनी खंड टेबलावर आपटला तेव्हा दोघींनाही शिंका आल्या. "हा कोणी मागितल्याचं मला आठवत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी इथे वीस वर्षं आहे."

पान २१४ वर बदकांच्या अंड्यांची कवचं किती जाड असतात, यावर एक लेख होता.

तिने पुन्हा बघितलं. बदकंच. अनुक्रमणिका काढली, तेव्हा हवा असलेला लेख पान २४१ वर निघाला. आकडे उलटसुलट पडले होते, एवढंच. असं होतं. तिने पहिल्या पानाचा फोटो काढला आणि आता उघडलाच आहे तर वाचू या, म्हणून ती उभ्या उभ्या वाचू लागली.

मूत्रपिंडावर परिणाम नाही, असं पहिल्या पानावर होतं. यकृताचं पुढच्या पानावर होतं, तक्त्यात: दहापैकी सात उंदरांची यकृतं सुजलेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्या पानाचाही फोटो काढला. वर येऊन तिने हा लेख आणखी कोणी कोणी वापरलाय ते शोधलं. अठ्ठावीस पेपर. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ठिकाणी पान २१४. म्हणजे एकाही महाभागाने तो लेख उघडला नव्हता. एकाने चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी वर्गात गृहपाठ उतरवून घ्यावा तसं उतरवलं. त्यातला सगळ्यात जुना पेपर बारा वर्षांपूर्वीचा होता आणि तो सरांचा होता.

सर मीटिंगहून आले तसे तिने तक्त्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पान दुरुस्त कर," ते म्हणाले.

"आणि वाक्य?"

"वाक्य राहू दे. सगळीकडे तेच आहे."

"सगळ्यांनी तुमचंच उतरवलंय, सर. न वाचता."

"आवाज खाली. त्यांना फक्त पहिलं पान हवंय ना? पहिल्या पानावर यकृताचा शब्द नाही. जोड आणि पाठव." मग अगदी मायेने विचारल्यासारखं, "तुझी मुदत कधी संपते गं?"

ती फोन घेऊन आपल्या खुर्चीकडे वळली. बदकांपर्यंत ती निव्वळ चूक होती. चूक तिने पदरात घेतली असती. आता मात्र तीच चूक नीटनेटकी करून, इस्त्री करून पाठवायला सर सांगत होते, आणि इस्त्रीवाली ती.

संध्याकाळी घरी तिची आदळआपट ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. दादा-वहिनीच्या दोन खोल्यांत ती चार वर्षं राहत होती, बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे ढीग आणि मधल्या जागेत तिची गादी. वहिनीने कधी तोंड वाकडं केलं नाही, फक्त थट्टेने 'डॉक्टरीणबाई' म्हणायची.

"त्या दाराने काय घोडं मारलंय तुझं?"

तिने सगळं सांगितलं. टिंबं, ठळक आकडे, बदकं, सर. वहिनी मध्येच म्हणाली, "मला ते टिंब-बिंब काही कळत नाही. उंदरांचं झालं काय, ते सांग."

"सात जणांची यकृतं सुजली."

"आणि तुम्ही काय लिहिलंय?"

"काही झालं नाही म्हणून."

"आणि ते औषध लोक फवारणार?"

"माझी चार वर्षं जातील, वहिनी."

"जातील. मी चिडेन, तुझा दादा दोन दिवस तोंड फुगवून बसेल. पण खोटं लिहिलेलं चालेल, असं मी काही सांगणार नाही."

तिला वहिनीचाही राग आला. कारण वहिनीने तिला पळवाट दिली नाही.

सकाळी लवकर जाऊन तिने यादी पुरी केली. त्रेसष्ट संदर्भ, एक टिंब इकडचं तिकडे नाही. पहिल्या लेखकाच्या जागी तिचं नाव होतं, पेपर पाठवायचं खातंही तिच्याच नावाचं होतं. तिने चौदाव्या संदर्भाला दोन्ही पानं जोडली, तक्त्याचंही, आणि संपादकांना लिहिलं: 'संदर्भ क्रमांक चौदा आता आपल्या नियमांप्रमाणे आहे. त्यावर आधारलेलं आमचं वाक्य मात्र खोटं आहे. ते दुरुस्त होईपर्यंत हा पेपर छापू नये.' प्रत सरांना. मग तिने पाठवून टाकलं.

दहा मिनिटांत सर आले. दार लावायचंही त्यांना सुचलं नाही.

"स्वतःच्या हाताने चार वर्षं बुडवलीस! कळतंय तुला?"

"कळतंय. त्याचाच संताप आलाय मला." ती म्हणाली. "एकच सांगा, सर. बारा वर्षांपूर्वी ते पान उघडलं होतं का तुम्ही?"

सरांनी आता वळून दार लावलं.

"नाही," ते म्हणाले. "माझीही मुदत संपत आली होती."

तिला त्यांची कीव आली. गेल्या दोन दिवसांत तिला जेवढा म्हणून राग आला होता, त्या सगळ्याहून जास्त राग तिला त्या किवेचा आला.